सदसद्विवेकबुद्धी, दोन प्रतींत

माणूस जन्मतः स्वतंत्र असतो, आणि जन्मल्यावर एक-दोन दिवसांतच त्याला पहिली लस टोचली जाते. या दोन गोष्टींत काही विरोध आहे असं पुष्कळ वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बाळ रडायचं खरं, पण दूध मिळायला उशीर झाला तरी ते रडतं. त्यामुळे त्याच्या रडण्याला तात्त्विक बैठक आहे असं मानायची पद्धत नव्हती.

पुढे नगर प्रशासनाने मोठ्या माणसांनाही एक लस सक्तीची केली, तेव्हा ही उणीव भरून निघाली. मोठी माणसं रडत नाहीत. ती हरकत घेतात.

ही लस होती 'अधिसूचित ज्वर क्रमांक सात' या रोगावरची. लोक त्याला ठिपक्यांचा ताप म्हणत. मोठ्या माणसाला तो आठ-दहा दिवस अंथरुणात लोळवायचा आणि सोडून द्यायचा. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांच्या मात्र तो जिवावर बेतायचा, आणि नेमकी त्याच बाळांना ही लस देता येत नसे. म्हणून बाळांच्या भोवतालच्या सगळ्यांनी ती घ्यावी, म्हणजे ताप बाळांपर्यंत पोचणारच नाही, असा कायद्यामागचा विचार होता. (कायद्यामागे विचार असणं ही रोजची गोष्ट नाही, म्हणून मुद्दाम नोंदवली आहे.)

कायदा करणारे लोक सुसंस्कृत होते. त्यांनी अकराव्या कलमात लिहून ठेवलं: 'कोणत्याही व्यक्तीच्या सदसद्विवेकबुद्धीवर सक्ती करता येणार नाही, मात्र आपणास अशी बुद्धी असल्याचा पुरावा तिने दोन प्रतींत सादर करावा.'

हा पुरावा तपासायला एक कक्ष उघडण्यात आला, आणि तिथे जो गृहस्थ बसला त्याची ही हकीकत आहे. त्याचं हुद्द्याचं नाव 'सहायक अधीक्षक (हरकती)' असं होतं. एवढं लांब नाव दोनदा उच्चारल्यावर तिसऱ्यांदा कुणी उच्चारत नाही. लोक त्याला हरकतसाहेब म्हणू लागले. आधी पाठीमागे, मग समोर, आणि महिन्याभरात घरी बायकोसुद्धा म्हणू लागली.

हरकतसाहेब मनाने चांगला होता आणि कामाला चोख. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या टेबलावरून एकही कागद पुरवणी न जोडता पुढे गेला नव्हता. कक्षाची खोली पहिल्या मजल्यावर, बोळकांडीच्या टोकाला होती. आधी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत. आता त्यांतल्या दोन दुरुस्त करून अर्जदारांसाठी मांडल्या होत्या. टेबलावर दोन जाडजूड नोंदवह्या होत्या. हिरव्या पाठीच्या वहीत लस घेतलेले, लाल पाठीच्या वहीत सूट मिळालेले. हरकतसाहेबाच्या मते नागरिकांचे एवढे दोनच प्रकार असतात, आणि दोन्ही वह्या कोपऱ्याला कोपरा लावून ठेवल्या की समाज व्यवस्थित दिसतो.

सूट मिळवायची पद्धत सोपी होती. आधी चौदा पानी अर्ज. मग शुद्धीवर असल्याचा वैद्यकीय दाखला. मग रक्ततपासणी, कारण अंगात रोगाची प्रतिकारशक्ती आधीपासूनच असेल तर हरकत पोकळ ठरते. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्ततपासणी, कारण पहिल्या तपासणीवर एकदम विश्वास ठेवणं बरं दिसत नाही. शेवटी समितीपुढे सुनावणी. म्हणजे एक सुई टाळायला दोन सुया टोचून घ्याव्या लागत. याबद्दल आजवर एकही तक्रार आली नव्हती, कारण त्या दोन ऐच्छिक होत्या.

पहिल्या तीन महिन्यांत चारशे बारा अर्ज आले. हरकतसाहेबाने रविवारी घरी बसून त्यांचं वर्गीकरण केलं. एकशे त्र्याऐंशी जणांना सुईची भीती वाटत होती. (पैकी एकशे सत्तर जणांनी कारणाच्या रकान्यात 'व्यक्तिस्वातंत्र्य' असं लिहिलं होतं, आणि उरलेल्या तेरांना तो शब्द लिहिता आला नव्हता.) शहाण्णव जणांना शेजाऱ्याने नको म्हणून सांगितलं होतं. सत्तावन्न जणांची हरकत एवढीच होती, की सरकार घ्या म्हणतंय. चाळीस जण हा नळजोडणीचा अर्ज आहे समजून रांगेत उभे राहिले होते आणि नंबर आल्यावर परत जाणं त्यांच्या जिवावर आलं. उरलेल्या छत्तीस जणांचा अर्ज बायकोने भरला होता, आपली हरकत काय आहे हे त्यांना सुनावणीतच कळलं.

चारशे तेरावा अर्ज आला तेव्हा मात्र हरकतसाहेबाच्या हातातलं पेन थबकलं. अर्ज त्याच्या मेहुण्याचा होता.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. निवृत्त मुद्रितशोधक. एकेचाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांची पुस्तकं छापण्याआधी वाचली, त्यांतल्या वेलांट्या आणि अनुस्वार जागेवर बसवले, आणि पुस्तकावर नाव लेखकाचं येऊ दिलं. लग्न केलं नाही. बहिणीच्या इमारतीतच, एक मजला वर, दोन खोल्यांत राहायचा. सगळी इमारत त्याला मामा म्हणे. रोज संध्याकाळी पाच वाजता खाली यायचा तो आपल्या भाचीच्या बाळासाठी. भाची, म्हणजे हरकतसाहेबाची लेक, नवऱ्याची बदली लांब झाल्यामुळे तिकडे घर लागेपर्यंत दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन आईवडिलांकडे राहत होती. मामा त्या दोन महिन्यांच्या मुलीला बाईसाहेब म्हणायचा आणि तिला रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, चुकांसकट.

अर्ज घेऊन हरकतसाहेब घरी आला.

"दादा, हे काय?" त्याने विचारलं. बायकोचा दादा तो त्याचाही दादा.

"अर्ज आहे," मामा म्हणाला. "पान तीनवर 'वैयक्तिक' चुकीचं छापलंय तुम्ही. पान नऊवरच्या वाक्याला शेवट नाही. मी दोन्ही ठिकाणी खुणा केल्यात."

"ते असू दे. तुम्ही तर आजवर सगळ्या लशी घेतल्यात. प्रवासाच्या, कुत्रं चावल्याच्या, सगळ्या."

"अकरा. तारखा लिहिल्यात मागे."

"मग हीच का नको?"

"ते सुनावणीत सांगेन," मामा म्हणाला. "इथे मी बाईसाहेबांकडे आलोय."

नातेवाइकाचा अर्ज दुसऱ्याकडे सोपवावा असा नियम होता, पण कक्षात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा हरकतसाहेबाने स्वतःची हरकत स्वतःकडे नोंदवली, ती विचारात घेतली, फेटाळली, आणि काम पुढे चालू केलं.

समितीत तिघं होती. एक डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापिका, आणि टिपण घेऊन निकाल लिहायला हरकतसाहेब. मामा इस्त्रीचा सदरा घालून आला आणि दुरुस्त केलेल्या खुर्चीवर जपून बसला.

"लशीची भीती वाटते?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"तिच्यावर विश्वास नाही?"

"आहे. चांगली लस आहे. काल माझ्या बहिणीला मीच केंद्रावर घेऊन गेलो होतो."

"मग?"

"असं आहे," मामा म्हणाला, "आधीच्या अकरा लशी मी घेतल्या. ही मला देण्यात येणार आहे. आधीच्या वाक्यांत कर्ता मी होतो. या वाक्यात मी कर्मसुद्धा नाही, कर्म लस आहे. मी नुसता 'मला' आहे. एकेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांत कुणाला कुठे बसवायचं हे बघत आलो. माझ्या दंडाबद्दलच्या वाक्यात तरी मला कर्त्याची जागा हवी."

डॉक्टरांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं. बाईंनी अडतीस वर्षं व्याकरण शिकवलं होतं.

"व्याकरण बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसत पुसत म्हणाल्या, "आता दुसरं वाक्य घेऊ. तुमच्यामुळे एखाद्या तान्ह्या मुलाला ताप आला. या वाक्यात कर्ता कोण?"

हा प्रश्न छापील नमुन्यात नसल्यामुळे त्याच्या उत्तरासाठी रकाना नव्हता, आणि रकाना नसल्यामुळे हरकतसाहेबाने उत्तराची वाट पाहिली नाही. त्याने लिहिलं: 'अर्जदार विचारी आहे. भीती, अफवा वा आळस आढळला नाही. सूट मंजूर.' कक्ष उघडल्यापासून एवढी अस्सल सदसद्विवेकबुद्धी त्याच्यापुढे पहिल्यांदाच आली होती. मेहुण्याचा त्याला अभिमान वाटला, आणि लाल वहीत त्याने मामाचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं.

मामा प्रमाणपत्र घेऊन घरी गेला. त्या संध्याकाळी तो पाच वाजता खाली आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण वर्तमानपत्र वाचता वाचता मध्येच थांबला आणि बाईसाहेबांच्या मुठीकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, प्रमाणपत्र खिशात घालून तो लसीकरण केंद्रावर जाऊन उभा राहिला.

तिथल्या सिस्टरांनी यादीत नाव शोधलं.

"काका, तुम्ही लाल वहीत आहात."

"हो. आता मला लस घ्यायची आहे."

"तुम्हाला नाही देता यायची. तुमची हरकत मान्य झालीय."

"ती सक्तीला होती. सक्ती तर संपली. आता मी आपण होऊन आलोय, म्हणून घेतो."

सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणला. "काका, तुमच्या सदसद्विवेकबुद्धीला ही लस मान्य नाही असं सरकारने लेखी दिलंय. उद्या कुणी म्हणालं, की आम्ही तुमच्यावर दबाव आणला, तर माझी नोकरी जाईल."

"मी सांगतो ना, की दबाव नाही."

"दबावाखाली असलेला माणूस हेच सांगतो, काका."

मामाने हा युक्तिवाद तपासला, त्यात चूक नव्हती. तो तसाच हरकत कक्षात आला. हरकतसाहेबाने नियमावली उघडली. सूट परत करायला नमुना सतरा होता. त्यात बुद्धी पालटल्याचा पुरावा, पुन्हा दोन प्रतींत, आणि नव्वद दिवसांची मुदत. नागरिकाने घाईघाईत आपलं तत्त्व सोडून पुढे पस्तावू नये, म्हणून ही मुदत ठेवली होती.

"नव्वद?" मामाने विचारलं.

"तुमच्याच स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी आहे, दादा."

"दे," मामा म्हणाला. अर्ज हातात घेऊन तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. "सतरामध्ये 'पालटल्याचा' चुकलंय. ट नाही, ठ छापलाय."

एकोणचाळिसाव्या दिवशी गावात ठिपक्यांच्या तापाचा पहिला रोगी सापडला. बाजारामागच्या गल्लीतला शिंपी. आठवड्यात अकरा झाले. पुढच्या आठवड्यात अठ्ठावीस, आणि त्यांत एक सात महिन्यांचं बाळ होतं. ते वाचलं, पण वीस दिवस रुग्णालयात होतं. त्याची आई खिडकीत उभी असलेली लोकांनी येता-जाता पाहिली, आणि तेव्हापासून गावात स्वातंत्र्यावरची चर्चा जरा हळू आवाजात होऊ लागली.

ते बाळ रुग्णालयात गेलं त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मामा खाली आला, तर दार भाचीने उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"मामा, तू आत नको येऊस."

मामाने चप्पल काढायला उचललेला पाय खाली ठेवला.

"रागावू नकोस," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण हात चौकटीवरून हलला नव्हता. "तुझं तत्त्व मला समजतं. लहानपणापासून ऐकत आलेय मी. पण बाळाजवळ नको."

ज्या माणसाने चौदा पानं भरून, दोनदा रक्त देऊन, समितीपुढे बसून राज्ययंत्रणेचा हुकूम मोडीत काढला होता, तो कसलाही कागद न मागता मागे सरला. "बरं," म्हणाला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर वर्तमानपत्राच्या दोन पानांची घडी अंगाखाली घालून बसला आणि उरलेल्या पानांतलं एक पान मोठ्याने वाचू लागला. भाचीने दार उघडं ठेवून जाळीचं दार लावून घेतलं. (घरातल्या सक्तीला अकरावं कलम लागू नाही. कायदा करणाऱ्यांनाही घरं होती.)

मग हे रोजचंच झालं. पाच वाजता मामा जिन्यात. मधे दहा हातांचं अंतर आणि जाळी. जाळीच्या आत हरकतसाहेब, मांडीवर नात. कचेरीतून आला की हातपाय धुऊन तो तिला घ्यायचा, आणि ती त्याच्या सदऱ्याचं बटण चोखत बाहेरच्या आवाजाकडे कान लावायची. मामा वाचायचा. हरकतसाहेब अधूनमधून बोलायचा, आणि ते बोलणं साधारण एकाच वळणाचं असायचं.

"दादा, तत्त्व असावं माणसाला, नाही असं नाही. पण समाजात राहायचं म्हणजे थोडं दुसऱ्याचंही बघावं लागतं."

"हो," मामा म्हणायचा.

"मी तुम्हाला बोल लावत नाही. अर्ज मंजूर मीच केला. पण आता हे बघा, एवढीशी पोर, आणि तिच्याजवळ यायचं तर तुम्हाला जिन्यात बसावं लागतंय."

"हो," मामा म्हणायचा आणि पुढची बातमी घ्यायचा.

बायकोला भावाची दया यायची. ती जाळीखालच्या फटीतून चहाचा कप सरकवायची आणि नवऱ्याला हळूच म्हणायची, "अहो, पुरे आता, रोज काय तेच." पण हरकतसाहेबाला पुरे होत नसे. कचेरीत त्याला दोन्ही बाजू ऐकून घ्याव्या लागत, आणि स्वतःची बाजू मांडायची संधी अशी घरीच मिळायची. शिवाय मांडीवर नात घेऊन बोललं की कुठलंही बोलणं शोभून दिसतं.

नव्वदाव्या दिवशी त्याने स्वतः नमुना सतरा मंजूर केला, मामाचं नाव लाल वहीतून कमी केलं आणि त्याला केंद्रावर घेऊन गेला. मामाने बाही वर सारली. सिस्टर म्हणाल्या, "आता तुम्हाला लस देण्यात येत आहे." मामा म्हणाला, "मी घेतो." सिस्टर म्हणाल्या, "बरं, घ्या." एवढ्यात ती टोचून झाली होती. लशीचा गुण यायला पंधरा दिवस लागतात, म्हणून मामा आणखी पंधरा दिवस जिन्यात बसला. सोळाव्या दिवशी त्याने नवा सदरा घातला.

त्याच दिवशी दुपारी हरकतसाहेब अंग कसकसतंय म्हणून कचेरीतून लवकर घरी आला. बायकोने कपाळाला हात लावला. मग सदऱ्याची बाही वर केली, आणि तिचा हात तिथेच राहिला. मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी ठिपके उठले होते.

"असं कसं होईल," लेक आतून म्हणाली. "बाबांनी लस घेतलीय ना. बाबा, तुमचं कार्ड कुठाय?"

हरकतसाहेब बाही खाली ओढू लागला.

"बाबा?"

खरं तर त्याने काहीच लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. लस सक्तीची झाली त्या आठवड्यात कक्षाची मांडणी चालू होती, म्हणून पुढच्या सोमवारी जाऊ असं त्याने ठरवलं. पुढच्या सोमवारी सुनावण्या सुरू झाल्या. कचेरीतच लसीकरणाचं शिबिर लागलं, तेव्हा तो वरच्या मजल्यावर एका अर्जदाराला लशीचं महत्त्व समजावून सांगत होता, आणि खाली येईपर्यंत शिबिर आटोपलं होतं. नंतर 'सर्व कर्मचाऱ्यांचे लसीकरण शंभर टक्के पूर्ण' हा अहवाल वर पाठवायचा होता. तो त्यानेच तयार केला. शंभर टक्क्यांत आपण येतोच असं त्याने धरलं, कारण आपल्यासारखा जबाबदार माणूस त्याबाहेर कसा असेल, आणि पुढे त्या अहवालावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसला. (अहवाल वाचणाऱ्यांवर व्हावा तो परिणाम लिहिणाऱ्यावरही होतो, याचं हे एक उदाहरण.)

लेकीने बाळाला छातीशी धरलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. आवाज न करता लावलं. दार आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

पाच वाजले आणि मामा खाली आला. बहिणीने त्याला दारात सगळं सांगितलं. तो ऐकून घेत उभा राहिला, नव्या सदऱ्यात. मग आत आला, सरळ हरकतसाहेबाच्या खाटेपाशी गेला आणि म्हणाला, "चल, माझ्याकडे चल. इथे नको."

चौदा दिवस हरकतसाहेब मामाच्या खोलीत होता. सगळीकडे पुस्तकांचे गठ्ठे, खिडकीशी एक खाट आणि तिच्याशेजारी स्टूल. मामा त्याला पेज द्यायचा, कपाळावर पट्ट्या ठेवायचा, ताप कागदावर लिहून ठेवायचा. खालच्या मजल्यावर तेवढेच चौदा दिवस लेक आणि बायको बाळाचं अंग सकाळ-संध्याकाळ उजेडात धरून बघत होत्या. ठिपका दिसतो का, एवढंच. मामा दिवसातून तीनदा खाली जाऊन विचारून यायचा आणि वर येऊन सांगायचा, "स्वच्छ आहे." आजारी माणूस त्या दोन शब्दांवर पुढची वेळ काढायचा.

नवव्या दिवशी मामा वर आला आणि ते दोन शब्द न म्हणता पट्टी भिजवू लागला.

"काय झालं?"

"थोडं अंग गरम आहे. डॉक्टरांना बोलावलंय."

हरकतसाहेब उठून बसला. मग पुन्हा आडवा झाला, कारण उठून जाण्यासारखी जागा त्याला कुठे नव्हती. त्याने भिंतीकडे तोंड केलं. रोज संध्याकाळी त्याच्या बटणाला लागलेली लाळ, सदऱ्यावर पडलेला तिचा ओला गोल डाग, आणि त्याच्या छातीतून निघालेला श्वास तिच्या तोंडावर, हे सगळं त्याला एकापुढे एक दिसत गेलं, जशी एखादी फाइल पुरवण्यांसह उघडावी. मग तो म्हणाला, "दादा, बोला की काहीतरी. मी एवढे दिवस तुम्हाला जिन्यात बसवून ऐकवलं."

मामाने पट्टी पिळली. "तुझी हरकत काय होती?" त्याने विचारलं, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"काही नव्हती."

"भीती?"

"नाही."

"मग?"

"राहिलं," हरकतसाहेब म्हणाला.

मामाने पट्टीची घडी घातली. "हे वाक्य मी हजारदा तपासलं असेल," तो म्हणाला. "राहिलं. यात चूक काढता येत नाही. यात कर्ताच सापडत नाही."

त्याने ती पट्टी त्याच्या कपाळावर ठेवली, नीट पसरली, आणि डॉक्टर काय म्हणतात ते बघायला खाली गेला.

डॉक्टरांनी बाळाला उलटंसुलटं करून पाहिलं, तोंडात बोट घातलं आणि बोट चावून घेतलं. खालच्या हिरडीत दाताचं टोक आलं होतं. ताप त्याचाच असावा असं ते म्हणाले. लेक मात्र आणखी पाच दिवस मानायला तयार नव्हती. चौदा दिवस पुरे झाले, अंगावर एकही ठिपका आला नाही, आणि तेव्हा कुठे ती जेवायला पाटावर नीट बसली. मामाने त्या संध्याकाळी बाईसाहेबांना मांडीवर घेतलं. दोन महिन्यांहून जास्त खंड पडला होता. ती त्याला ओळखेल की नाही याची त्याला धास्ती होती. त्याने तोंड उघडून बातमी वाचायला सुरुवात केली आणि तिने आवाजावरून ओळखलं.

बाप खाली आला तेव्हा लेकीने त्याला लगेच बाळ दिलं नाही. तो उभाच राहिला. थोड्या वेळाने तिने दिलं, पण आपला हात खालून काढला नाही, आणि ती दोघं बराच वेळ तशी, एकाच बाळाला चार हातांनी धरून उभी होती.

हरकतसाहेब कामावर रुजू झाला, त्याआधी केंद्रावर जाऊन आला. (ताप येऊन गेलेल्याला ही लस लागत नाही, असं सिस्टरांनी त्याला दोनदा समजावलं. तो म्हणाला, तरी घेतो. त्यांनी दिली नाही.) पहिलं काम होतं साथीचा अहवाल. गावात एकूण दोनशे चौदा मोठ्या माणसांना ताप आला होता. त्याने नावं एकेक करून वह्यांशी ताडून पाहिली. हिरव्या वहीतले सहा, तेही दोन दिवसांत बरे झालेले. ज्यांच्यामुळे गावात एवढी भाषणं, मोर्चे आणि संपादकांना पत्रं झाली होती, त्या लाल वहीतले तीन. उरलेले दोनशे पाच जण कुठल्याच वहीत नव्हते. त्यांनी हरकत घेतली नव्हती आणि लसही घेतली नव्हती. त्यांतले बरेचसे लस सक्तीची करावी या मताचे होते, बरेचसे स्वातंत्र्याच्या बाजूचे, आणि दोन्हीकडचे आपापल्या बाजूला पोटतिडकीने बोलत. हरकतसाहेबाने घरोघर जाऊन कारण विचारलं. दोनशे चार जणांनी एकच शब्द सांगितला. दोनशे पाचव्याला त्याने विचारलं नाही, तो स्वतःच होता.

त्याने वरिष्ठांकडे टिपण पाठवलं, की नागरिकांचे दोन नसून तीन प्रकार आहेत आणि तिसऱ्यासाठी राखी पाठीची नोंदवही मंजूर व्हावी. ती मंजूर झाली, आणि दोन वर्षांत इतकी भरली, की आता तिचे बावीस खंड आहेत आणि शेजारची खोलीही कक्षाला मिळाली आहे. मुद्रितं मामा तपासतो.

या वहीत नाव घालायला अर्ज करावा लागत नाही. पुरावा लागत नाही, सुनावणी नाही, दोन प्रती नाहीत. ही हकीकत इथवर वाचताना आपण कधी मामाच्या बाजूने मान डोलावली असेल, कधी मुख्याध्यापिकाबाईंच्या. दोन्ही मतांचा कक्षात आदर केला जातो. मात्र आपली शेवटची लस कोणती, कधी घेतली आणि पुढची कधीची होती, हे जागेवरून न उठता ज्यांना सांगता आलं नाही, त्यांचं नाव राखी वहीत घालून झालेलं आहे. ते चुकून घातलं गेलं असं वाटत असेल तर कार्ड घेऊन कचेरीच्या वेळात भेटावं. 'घरातच आहे कुठेतरी' हे उत्तर ग्राह्य धरलं जात नाही, आणि सोमवारी येतो म्हणणाऱ्यांना कुठला सोमवार ते विचारलं जाईल.